मदत हवी आहे: १९६६ ची बीटल, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतोय, बुश कशाचे आणि कसे करून घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

गाडी फोक्सवागन बीटल १३००, १९६६ ची, सहा व्होल्टवाली, कार्ब सोलेक्स ३० पिक्ट-१. डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने स्पार्क वाटणारा) बॉशचा जुनाच आहे, नुसत्या व्हॅक्युमवर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, पुढे घेणारा, म्हणजे आत वजनं-स्प्रिंगा वगैरे काही भानगड नाही. सासऱ्यांची गाडी, आता माझ्या गळ्यात (आनंदाने) पडलेली.

प्रॉब्लेम असा की आयडलला गाडी छान, गावात छान, पण हायवेला जरा खेचली की मिसिंग सुरू, आणि खंबाटकी चढताना तर सायलेन्सरमधून फटाके. प्लग, वायरी, पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइल सगळं बदलून झालं, कार्ब खोलून धुतला, टॅपेट थंड इंजिनवर सेट केले, तरी तेच. शेवटी कॅप काढून रोटर दोन बोटांत धरून आडवा हलवला तर चक्क टकटक जाणवते, आणि हलवताना पॉइंटची फट डोळ्यादेखत कमीजास्त होते. फीलरने (मापाच्या पातळ पट्टीने) ०.४ मिमी लावली तरी शाफ्ट एका बाजूला दाबला की तोच फीलर ढिला पडतो, दुसऱ्या बाजूला दाबला की शिरतच नाही. मग या ०.४ ला अर्थ काय राहिला?

ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री बंद राहतात ते दाखवणारा) लावला. व्हॅक्युमची नळी काढून, आयडलला ५० दाखवतो, तीन हजारापर्यंत रेस केली की ४४ च्या आसपास, आणि तिथे काटा थरथरतो. टायमिंग गन बारा व्होल्टची आहे म्हणून तिला शेजारच्या गाडीच्या बॅटरीवरून करंट दिला. एक नंबरच्या वायरीवर पुलीची खाच नाचते. तीन नंबरला लावली तर खाच नाचतेच, वर तीन-चार डिग्री उशिरा येते.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, कॅम घासलाय, तीन नंबरचा उंचवटा कानशीने जरा मारून बाकीच्यांसारखा करतो, नाहीतर सरळ नवीन ००९ (बॉशचाच दुसरा डिस्ट्रिब्युटर) टाका, कॉपी स्वस्तात मिळते. मला दोन्ही पटत नाहीये. जुना बॉश नीट बांधून घ्यायची इच्छा आहे. तर विचारायचं हे की,

बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) गनमेटलचे चालतील का? शाफ्ट आणि बुशमध्ये किती गॅप ठेवायचा? आणि तो तीन नंबर, ती झीज आहे की आणखी काही? पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात कुणी हे काम करून घेतलं असेल तर अनुभव सांगा, कुणाचे नंबर इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

श्टुटगार्टकर
दादा, आधी त्या गॅरेजवाल्याच्या हातातली कानस काढून घ्या! तीन नंबर उशिरा येणं ही झीज नाही, फोक्सवागनने मुद्दाम तसा कॅम बनवलाय. त्या काळच्या इंजिनात ऑइल कूलर फॅनच्या पत्र्याच्या आतच उभा असतो, नेमका तीन नंबरच्या हवेच्या वाटेत, त्यामुळे तीनला हवा कमी मिळते आणि मिळते तीही कूलरने तापवलेली. हा सिलिंडर कायम बाकीच्यांपेक्षा गरम, तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटायची भीती जास्त, म्हणून त्या एका उंचवट्याला थोडं मागे ठेवून स्पार्क उशिरा दिला. कूलर बाहेर काढून त्याला वेगळी वाट दिली ती १९७१ च्या मॉडेलपासून.

आता झीज आणि डिझाइन वेगळं कसं ओळखायचं? डिझाइनचा उशीर स्थिर असतो, खाच उशिरा येईल पण एकाच जागी उभी राहील. नाचते ती बुशमुळे. तुमच्याकडे दोन्ही एकदम आहेत म्हणून गोंधळ झालाय. फायरिंग ऑर्डर १-४-३-२, त्यामुळे एक आणि तीन दोघांना पुलीची तीच खाच लागू पडते, म्हणून तर तुम्हाला ते पकडता आलं.

यातून एक महत्त्वाचं निघतं. टायमिंग नेहमी एक नंबरवरच सेट करा, डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर बारीक खाच असते तिथे रोटर आला पाहिजे. कुणी कधी इंजिन खोलताना खालचा ड्राइव्ह शाफ्ट उलटा बसवला असेल आणि वायरी फिरवून काम भागवलं असेल, तर तुम्ही ज्याला एक समजता तो कॅमवर तीनचा उंचवटा असतो. मग त्याच्यावर टायमिंग लावलं की उरलेले तिन्ही सिलिंडर तीन-चार डिग्री पुढे जातात, आणि एअरकूल्डला टेम्परेचरचा काटा नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्या गाडीत हे आधी तपासा. १३०० ला साडेसात डिग्री, पॉइंटला टेस्ट दिवा जोडून, इंजिन बंद ठेवून. पुलीवर दोन खाचा असतील तर डावी साडेसातची, उजवी दहाची.

काळा_धूर
एवढा खटाटोप कशाला? पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक मॉड्युल टाका न् विसरून जा. मी ७० च्या गाडीत टाकलंय, बोनेट उघडून बघावंही लागत नाही.

उद्यमनगरी
काळा_धूर साहेब, पॉइंटची फट गेली हे खरं, पण शाफ्ट डुगडुगतोय तो डुगडुगतोच ना, स्पार्क पुढेमागे व्हायचा थोडा कमी होईल, बंद होणार नाही. आणि सहा व्होल्टचं, याच डिस्ट्रिब्युटरला बसणारं बघून घ्यावं लागेल. बुश करा, मग काय टाकायचं ते टाका. (आणि बीटलचं बोनेट पुढे असतं हो, इंजिन मागे 😄)

धागाकर्ते, मी टर्नर माणूस, कोल्हापूरला लेथवर आयुष्य गेलंय, डिस्ट्रिब्युटर बरेच केलेत, जास्त करून फियाट-ॲम्बेसिडरचे, पण तुमचा बॉश त्यापेक्षा सोपा. क्रमाने सांगतो.

खाली जी कुत्री आहे, म्हणजे इंजिनात अडकणारा तुकडा, त्याच्यावर गोल स्प्रिंगची रिंग दिसेल. ती सरकवा, आत पिन आहे, पिन ठोकायच्या आधी कुत्री आणि शाफ्ट दोन्हीवर खूण करा कारण त्याचा दात मधोमध नसतो, उलटा बसवला की झाला घोटाळा. पिन निघाली की खालचे वायसर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने तारेत ओवून ठेवा, फोटो काढा. पॉइंटची प्लेट काढताना बाजूला बारीक गोळी आणि स्प्रिंग असते, ती उडाली तर सापडत नाही, टॉवेलवर काम करा.

शाफ्ट आधी मायक्रोमीटरने बघा, जिथे बुश घासतो तिथे आणि जिथे घासत नाही तिथे. नखाला पायरी लागली तर शाफ्टही गेला, मग त्याला हार्डक्रोम करून ग्राइंड करावा लागेल. बहुतेक वेळा शाफ्ट बरा असतो, बुशच अंडाकृती झालेला असतो, कारण पॉइंटची पत्ती शाफ्टला रोज एकाच बाजूला ढकलते.

गनमेटल चालतं, पण त्याला तेल पोचलं पाहिजे आणि इथे तेल द्यायची सोय जेमतेम. सिंटर्ड ब्राँझ घ्या, तो तेल पिऊन ठेवतो. बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवा. बॉडी ॲल्युमिनियमची, ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास गरम करा, बुश फ्रीजरमध्ये, बिनठोकता जातो. सिंटर्डला बोथट रीमर (भोक साइजला आणायचं पात्यांचं हत्यार) मारू नका, भोकं बुजतात आणि तेल येणं बंद होतं. पॉलिश केलेल्या मँड्रेलवर (मापाच्या गोल दांड्यावर) दाबून साइज आणा. रीमर मारायचाच झाला तर धारदार हवा आणि वरच्या-खालच्या दोन्ही बुशमधून एकदम गेला पाहिजे, एकेक मारला की लाइन गेली, शाफ्ट जाम फिरणार.

गॅपचा आकडा विचारलात, पण मी हाताने बघतो. तेल लावून उभा धरला की शाफ्ट आपल्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे, आडवा हलवला तर काहीही जाणवता कामा नये. वरखाली मात्र कागदाएवढी ढिलाई ठेवा, वायसर त्यासाठीच असतात.

६६ची_बीटल (धागाकर्ता)
खूप खूप आभार सगळ्यांचे! काल रात्रीच बॅटरी घेऊन खाली गेलो, रोटर कडेच्या खाचेवर आणला तर पुलीची खाच बरोबर जागी आणि वायरही एक नंबरचीच, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट सरळ आहे, देवाची कृपा. गॅरेजवाल्याला तीन नंबरचं सांगितलं तर म्हणाला कंपनी असं कशाला करेल. असो.

अजून एक, प्लेट काढली तर तिच्यापासून बॉडीला जाणारी कापडी वेणीची अर्थ वायर अर्धी तुटलेली निघाली, दोन-चार धागे शिल्लक होते. मिसिंगचं कारण तीच तर नसेल? आणि व्हॅक्युमचा डबा ओढून जिभेने दाबून धरला तर काही सेकंदात प्लेट मागे येते, डायफ्रॅम (डब्यातला पडदा) गेला समजायचा का?

श्टुटगार्टकर
हो, डायफ्रॅम गेला. प्लेट जिथे ओढली तिथेच थांबायला हवी. चढावरच्या फटाक्यांचं अर्धं उत्तर तिथे आहे, कारण तुमच्या डिस्ट्रिब्युटरला टायमिंग पुढे न्यायला दुसरं साधनच नाही. म्हणून तर ००९ नको म्हणते, तो नुसता वजनांवर चालतो, व्हॅक्युम नाही, ३० पिक्टबरोबर पॅडल दाबताक्षणी गाडी एक गचका खाते. डबा मागवताना डिस्ट्रिब्युटरवर कोरलेला नंबर बघून मागवा, दिसायला सारखे असतात पण दांडीची हालचाल वेगळी असते.

अर्थ वायर जाड मल्टीस्ट्रँड मऊ वायरीची करा, साधी घेऊ नका. प्लेट सतत पुढेमागे होते, कडक वायर परत तुटेल. आणि सहा व्होल्टला तेवढासा रेझिस्टन्सही भारी पडतो.

उद्यमनगरी
आणि बांधल्यावर रोटरखाली फेल्ट असेल तर त्यावर दोन थेंब तेल, कॅमला बोटभर नाही हां, चिमूटभर ग्रीस. जास्त लावलं की उडून पॉइंटवर बसतं. मग नळी काढून परत तीन हजारावर ड्वेल बघा, दोन-तीन डिग्रीच्या आत राहिला तर काम झालं. शाफ्टचं माप घेतलंत की इथे टाका, क्रोम करायचा की नाही ते सांगतो.

६६ची_बीटल (धागाकर्ता)
मायक्रोमीटर ऑफिसातल्या मित्राकडून शनिवारी मिळतोय. माप टाकतो.