फराळाचा अंदाज एक्सेलमध्ये: दिवाळी सरकते, त्याचं काय?

प्रश्न: आमचा साताऱ्यात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. महिनावार विक्री एक्सेलमध्ये आहे. फोरकास्ट शीट (मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणारी एक्सेलची सोय) यंदाही ऑक्टोबरलाच उसळी दाखवतं. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये 8 नोव्हेंबरला आहे. अनारशाचे तांदूळ आधी भिजवायचे, मग पीठ मुरवायचं. आठवडा चुकवून चालत नाही. काय करू?

उत्तर: ताई, फोरकास्ट शीटचं सूत्र ठरावीक अंतराने येणारा हंगाम धरतं. सीझनॅलिटी (हंगामाची लांबी) 12 म्हणजे दर बारा महिन्यांनी तेच. अधिक महिना त्याला कळत नाही. विक्री रोजची नोंदवलेली असेल तर नवा रकाना करा: लक्ष्मीपूजनाच्या तारखेतून विक्रीची तारीख वजा, भागिले 7, पूर्णांकात. त्यावर पिव्हट टेबल (गटवार बेरजा मांडणारा एक्सेलचा तक्ता) लावा. सगळ्या वर्षांचा 'दिवाळीआधीचा तिसरा आठवडा' एका ओळीत येईल.

उत्तर: चकली आणि अनारसे वेगवेगळे मोजा, बेरजेत अनारसे दिसेनासे होतात. शिवाय माल संपल्यावर परत गेलेलं गिऱ्हाईकही मागणीच असतं, नुसत्या विक्रीत ते कुठेच येत नाही.

प्रश्नकर्ती: बिलं रोजची आहेत, रकाना लगेच करते. परत गेलेल्यांची नावं सासूबाईंनी वहीत लिहिलीत, तीही उतरवून घेते. मनापासून आभार!