'मिस करणे' आणि आपलं चुकणं
(बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं तिथल्या भागांवरून)

दांडियाबाजार:
लेक शिकायला पुण्याला गेलीय. रोज रात्री मेसेज, 'आई, मिस यू.' काल सासूबाईंनी अर्थ विचारला. म्हटलं, 'आठवण येते.' त्यांचं समाधान होईना. 'आठवण काय, मला वाण्याच्या उधारीचीही येते.' मग 'मिस'ला मराठीत म्हणायचं काय?

मांडवीकर:
सासूबाईंना नमस्कार सांगा, ताई. मुद्दा बरोबर आहे. 'करमत नाही' बरंच जवळचं, पण माझं मत 'चुकल्याचुकल्यासारखं होणं' याला. जुन्या इंग्रजीत मिस म्हणजे नेम हुकणं. मग जे जागेवर नाही त्याची रुखरुख, आणि बऱ्याच पुढे गाडी हुकणं. आपलं चुकणं त्याच वाटेने गेलंय. नेम चुकतो, बस चुकते, जत्रेत माणसं चुकतात आणि रात्री चाराऐवजी तीन ताटं घेताना चुकल्यासारखं होतं. (शाळेतल्या मिसचा इथे संबंध नाही, ती 'मिस्ट्रेस'मधून आली.)
फक्त इंग्रजीत 'मी' मिस करते, मराठीत 'मला' होतं. आपण काही करत नाही, ते आपसूक होतं. म्हणून 'मी तुला मिस करते' मला खटकतं. बोलतो मीही तसंच, ते सोडा.

रावपुरा:
काका, सगळीकडे चुकणं नाही चालणार. कॅच सुटतो. लेक्चर मुद्दाम मिस केलं तर ते बुडवलं. आणि मिस्ड कॉल तर हटकून दिलेला असायचा, त्यात चुकलेलं काय?
शिवाय बडोद्यात 'चुकवणं' जपून वापरा. गुजरातीत 'चूकववुं' म्हणजे पैसे भरणं, आणि आमच्या कानांना तीच सवय. नाशिकच्या मामाला फोनवर सांगितलं, 'लाइटबिल चुकवलं, घरवेरोही चुकवला.' (घरवेरो म्हणजे घरपट्टी.) मामा गप्प. मग हळूच, 'कोणाच्या लक्षात नाही ना आलं?'

मांडवीकर:
मामांना विचार, हिशेब 'चुकता' करतात तेव्हा काय करतात! तोच अर्थ मराठीतही आहे की. पण कर चुकवला म्हटलं, की बुडवलाच.

दांडियाबाजार:
सासूबाईंना 'चुकल्याचुकल्यासारखं' एकदम पटलं. लगेच लेकीला पाठवलं, 'तुझ्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं होतंय.'
उत्तर आलं, 'काय चुकलं, आई? भाजीत मीठ जास्त पडलं का?'