कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) पहिल्या वाढदिवसाच्या आत करावं की थांबावं?

भांडुपची आई: मुलगी साडेदहा महिन्यांची. बेरा (ऐकण्याची तपासणी) दोनदा झाली, दोन्ही कानांना प्रोफाउंड लॉस, म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. चार महिने कानाचं साधं मशीन लावून बघितलं, कुकरच्या शिट्टीलाही मान वळत नाही. ईएनटी म्हणतात वर्षाच्या आत इम्प्लांट उरका. पण माझे मामेसासरे जन्मापासून बहिरे, ते खुणांनी सांगतात की मोठी होऊ दे, तिचं ती ठरवेल. घरात दोन पार्ट्या पडल्यात.

धावपळ_मम्मी: मामांचा मान ठेवून सांगते, थांबू नका. तिचं ती ठरवेल हे ऐकायला छान आहे हो, पण मेंदू कुठे थांबतो, ऐकून बोलणं जुळायची खरी वर्षं पहिली तीन-साडेतीन, नंतर तीच जागा मेंदू दुसऱ्या कामाला लावतो. जन्मबहिऱ्याला अठराव्या वर्षी बसवलं तर आवाज येतो, शब्द सहसा उलगडत नाहीत. आम्ही "आमच्यात मुलगे उशिराच बोलतात" ऐकण्यात दीड वर्ष घालवलं, पावणेतीन वर्षांचा असताना ऑपरेशन, अजून भरून काढतोय. आणि सरकारच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी) जन्मबहिऱ्या मुलांना इम्प्लांट पाच वर्षांपर्यंतच मिळतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत जाऊन या.

गिरगावचा_दुभाषी: माझे आईबाबा दोघे बहिरे, मी ऐकणारा, पहिली भाषा खुणांची. इम्प्लांटला विरोध नाही पण हे चष्मा लावला नि दिसलं असं नाहीये. मॅपिंग (मशीनचं सेटिंग पुन्हा पुन्हा जुळवणं), बोलण्याची थेरपी, वर्षानुवर्षं, आणि तरी काही मुलं मागे राहतातच. तोवर पोट दुखतंय हे पोरीने कशाने सांगायचं? भाषेला उशीर नको हे मान्य, पण भाषा म्हणजे फक्त तोंडाने बोलणं का? घरात मामा आहेत, फुकटचा मास्तर.

धावपळ_मम्मी: आमच्या थेरपिस्ट बाईंनी हात वापरायचेच नाहीत अशी तंबी दिलेली, खुणा शिकला तर बोलायचा आळस करेल म्हणे.

गिरगावचा_दुभाषी: मुंबईतली पोरं हिंदी मराठी एकदम शिकतात, कोण आळशी झालं?

धावपळ_मम्मी: ते पटतं. रात्री प्रोसेसर (इम्प्लांटचा कानाबाहेरचा भाग) काढून ओल शोषणाऱ्या ड्रायरच्या डबीत ठेवला की माझं पोरगं ठार बहिरं, तेव्हा आम्ही नुसते ओठ हलवत बसतो. विसर्जनाला ढोल सुरू झाले की स्वतःच कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) काढून खिशात टाकतो, लबाड. पण वयाच्या बाबतीत मी हटणार नाही.

ठाणेकर७: वय वय काय, खर्च बोला. वॉरंटी संपली की वायर, बॅटरी सगळं आपल्या खिशातून. त्यात आपला पावसाळा आणि लोकलचा घाम, दमटपणा मशीनला बाधतो.

धावपळ_मम्मी: खरंय, म्हणूनच ती डबी. ताई, एमआरआय झाला का? ऐकण्याची नस आहे की नाही ते आधी कळायला हवं, नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही. आणि मेनिंजायटिसने ऐकू गेलं असेल तर एक दिवस घालवू नका, कानाच्या आत हाड भरत जातं, मग इम्प्लांटची तार आत जात नाही.

भांडुपची आई: मेनिंजायटिस नाही, जन्मापासूनच. एमआरआय मंगळवारी. आज मामांना बोलावलं होतं, त्यांनी खाऊची खूण केली तर पोरगी टक लावून त्यांच्या हाताकडेच बघत होती. नवऱ्याचं तोंड वाकडं, म्हणे आधी ऑपरेशन होऊ दे मग बघू.