नाशिकमध्ये पॉइंटर पाळलाय, फील्ड ट्रायलची सुरुवात कुठून करू?

गंगापूररोडकर
मंडळी, घरी सात महिन्यांचा इंग्लिश पॉइंटर आहे, नाव बाजी. परवा धरणाच्या मागच्या बाजूला फिरायला नेला, तर गवतात एकदम पुतळाच झाला. एक पाय वर, शेपूट ताठ. मी जवळ गेलो तसे पायाशी लावे पक्षी भुर्रकन उडाले! तेव्हापासून अमेरिकेतल्या फील्ड ट्रायलचे, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धांचे व्हिडिओ बघतोय. आपल्याकडे असं काही असतं का? ट्रेनर, सामान, काय काय लागेल? बीप वाजवणारा कॉलर बघून ठेवलाय. बायको म्हणते, आधी सोफा वाचवा.

निफाडचा_बागायतदार
बाजीचं कौतुक आहेच. पण दादा, ते लावे परत उठवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसती बंदूक नाही. जनावर पकडणं, हाकणं, त्याच्यामागे कुत्रा सोडणं, पाखरांची अंडी-घरटी विस्कटणं, सगळं त्यातच येतं. लावे-तितरांची घरटी जमिनीवरच असतात, कुत्र्याला काय कळणार. नांदूरमध्यमेश्वरकडे तर कुत्रा घेऊन फिरकूच नका, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते.

आणि उसाच्या कडेला मोकळा सोडू नका. बिबट्याला कुत्रा म्हणजे वाढलेलं ताट. आमच्या वस्तीवरचे दोन गेले. द्राक्षबागेतही नको. फवारणी असतेच, शिवाय द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. आमच्याकडे पाहुणे कौतुकाने घड भरवतात, मी ओरडतो.

पंचवटी_ते_टेनेसी
मी चार वर्षं इथल्या, अमेरिकेतल्या ट्रायल्सना जातोय, अजून स्वतःचा कुत्रा उतरवलेला नाही. नवख्याने आधी नुसतं बघावं. घोड्यावरून किंवा पायी जजच्या मागे चालायचं, पुढे जायचं नाही, तोंड बंद. नंतर आयोजकांना हातभार लावायचा. मी पहिलं वर्ष लावे सोडण्यात आणि पाण्याचे कॅन उचलण्यात घालवलं. त्यात जे कळलं ते व्हिडिओत नाही.

दोन कुत्रे जोडीने सुटतात. एकाने पॉइंट धरला, म्हणजे पक्ष्याचा वास लागून तो पुतळ्यासारखा थांबला, की दुसऱ्याने त्याला मान देऊन मागे थिजायचं. मग हँडलर, म्हणजे कुत्र्याला उतरवणारा माणूस, पक्षी उठवतो आणि बऱ्याच ठिकाणी बार रिकामाच काढतात, पक्षी मरत नाही. उडणारा पक्षी आणि बार, दोन्हीला कुत्रा जागचा हलला नाही पाहिजे. एकेसीच्या (अमेरिकन केनेल क्लब) पपी गटात ६ ते १५ महिन्यांची पिल्लं असतात, तिथे एवढी अपेक्षा नसते. धावायची हौस आणि शोधायची अक्कल बघतात, निदान १५ मिनिटं. उलट टेनेसीतल्या ग्रँड जंक्शनजवळ एम्स प्लँटेशनवर भरत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीन तास! तिथे घोडेही दमतात.

इथे कुत्र्याला ‘व्होऽ’ म्हणून थांबवतात. आपले गाडीवान बैलाला ‘होऽ’ म्हणतात, अगदी तसंच. हा एक शब्द पक्का होईपर्यंत दुसरं काही शिकवू नका.

देवळालीची_ताई
भारतात तशी ट्रायल माझ्या पाहण्यात नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या आज्ञापालन चाचण्या असतात, कागदपत्रं असतील तर तिकडे वळा. माझा लॅब्राडोर त्यातूनच गेला.

कॉलर घेऊ नका. वीस-पंचवीस फूट दोरी घ्या, जाड, गाठ न मारलेली. गाठ झुडपात अडकते आणि मानेला हिसका बसतो. ‘होऽ’ जेवणाच्या ताटापासून सुरू करा, मग दारात, मग मैदानात. गळाच्या काठीला कोंबडीची पिसं बांधून खेळवतात, ते दोन-चारदाच बरं. रोज केलं की पोर डोळ्यांनी पॉइंट धरायला शिकतं, आपल्याला नाक हवंय. त्यापेक्षा तीच पिसं गवतात वाऱ्याच्या बाजूला लपवा आणि वारा नाकावर येईल असा त्याला आणा.

दिवाळीत मात्र घरातच ठेवा, पंखा-टीव्ही लावून. एकदा फटाक्याला बिचकला की बंदुकीच्या आवाजालाही आयुष्यभर बिचकू शकतो. आवाजाची सवय लांबून, तो खेळात रंगलेला असताना लावतात.

उन्हाळ्यात सकाळी साताच्या आत आटपा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड बघा, रोज.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार. कॉलर रद्द, भद्रकालीतून दोरी आणली. लाव्यांचं ठिकाण सोडलं, आता कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर जातो. ‘होऽ’ला बाजी तीन सेकंद थांबतो, ताट भरलेलं असेल तर. काल शेजारच्या आजोबांनी विचारलं, घरात बैल बांधलाय का?

पंचवटी_ते_टेनेसी
तीन सेकंद सात महिन्यांना उत्तम. दहा झाले की इथे लिहा.