मदत हवी आहे: पुरुमेंताव्यतिरिक्त पंधरा दिवसांचा राखीव शिधा कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका गावात राहतो. घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे आहेत. मे महिन्यातील पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी आमच्याकडे अजूनही होते. उकडे तांदूळ, कुळीथ, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), सोलां (आमसुले), खारातले आंबे, कांद्यांच्या माळा यांनी कोठीची खोली भरते, आणि जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असल्यामुळे सुके बांगडे व सुंगटेही (कोळंबी) लागतातच. परंतु या बेगमीत वीज असेल, गिरण चालू असेल, कोपऱ्यावरचे दुकान उघडे असेल, हे गृहीत धरलेले असते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात अनेक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती, त्याच वर्षी जुलैतल्या पुराने सत्तरीत घरांची मोठी पडझड झाली, आणि चोर्ला घाटात दरड कोसळली की बेळगावची भाजी अडते, हे आपण सारेच जाणतो. म्हणून बाहेरून काहीही न आणता पंधरा दिवस निभावतील एवढा शिधा बाजूला ठेवावा, असा विचार आहे.

माणशी रोज ३५० ग्रॅम धान्य आणि ७० ग्रॅम डाळ-कडधान्य धरल्यास पाच जणांना सुमारे २६ किलो धान्य आणि सव्वापाच किलो डाळी लागतात. हा हिशेब योग्य आहे का? डबाबंद तयार पदार्थांवर पैसे घालण्यास माझे मन घेत नाही. जे एरवी आम्ही खात नाही, ते मुले अडचणीच्या दिवसांत आनंदाने खातील, असे मला वाटत नाही. खरी चिंता दमटपणाची आहे. तांदळात सोंडे होतात, मिठाला पाणी सुटते, रव्यात जाळी धरते. काही जण धान्याला बोरिक पावडर चोळतात, ते सुरक्षित आहे का? शिवाय आमच्या विहिरीवर पंप बसवल्यापासून रहाट काढून टाकला आहे, तेव्हा वीज गेल्यावर पाण्याचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, आपला हिशेब ठीक आहे. फक्त त्यात तेल, मीठ आणि गूळ धरा. सासूबाईंना मधुमेह असल्यास त्यांच्यापुरते कडधान्य थोडे वाढवा आणि गुळाच्या पदार्थांवर भिस्त ठेवू नका.

बोरिक पावडर मात्र टाळावी, कारण ती पोटात जाणे घातक आहे आणि घाईच्या वेळी धान्य नीट धुतले जाईलच याची खात्री नसते. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात पुरेसा होतो. सोंड्यांची अंडी दाण्याच्या आत असतात, त्यामुळे झाकण घट्ट असूनही ते आतून बाहेर पडतात. यासाठी मे महिन्याच्या कडक उन्हात धान्य वाळवून, सावलीत पूर्ण गार करून मगच भरावे. गरम धान्य भरले तर झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि तेथूनच बुरशी सुरू होते. एका मोठ्या पिंपापेक्षा पाच-पाच किलोचे डबे काठोकाठ भरलेले बरे. एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात. मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा. सुकी मासळी धान्याच्या खोलीत मुळीच नको.

राखीव डबे कुलपात ठेवल्यासारखे वर्षभर पडू देऊ नयेत. जुना डबा रोजच्या स्वयंपाकात घ्यावा आणि त्याच्या जागी नवा भरावा. झाकणावर भरल्याचा महिना खडूने लिहिला तरी चालेल. रवा व पीठ कमीच ठेवा, कारण ती लवकर खवट होतात. पोहे, लाह्या, भाजलेले चणे, शेंगदाणे आणि खजूर यांना चूल लागत नाही, तेव्हा पहिल्या दोन दिवसांसाठी ते वेगळ्या पिशवीत असू द्यात. कुळथाचे पीठ दळून ठेवल्यास थोड्या गॅसवर पिठी होते. भरलेला जादा सिलिंडर पावसाआधीच घरात असावा.

पाण्यासाठी पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार लिटर धरा. पंधरा दिवसांचे पाणी साठवणे जड जाईल, परंतु तीन दिवसांचे, म्हणजे साठ लिटर, झाकणाच्या कॅनमध्ये सहज राहते. पुढच्या दिवसांसाठी दोर आणि कळशी कोठीतच टांगून ठेवा. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल, तर ती उपसून क्लोरीन घातल्याशिवाय ते पाणी पिण्यास घेऊ नका. एरवीही गढूळ पाणी गाळून, उकळूनच वापरावे.