गोव्यात केलेलं दोऱ्यांचं हेअर रॅप: शाळेआधी काढू की राहू दे?

चिपळूणकरीण
नमस्कार मंडळी, विषय फालतू वाटेल पण आमच्या घरात आठ दिवस यावरनं महाभारत चालू आहे. मे अखेरीस गोव्याला गेलो होतो, हरमलच्या बीचवर एक लमाणी बाई केसांना रंगीत दोरे गुंडाळून देत बसल्या होत्या, लेकीने (वय अकरा) हट्टच धरला, पाचशे सांगितले, साडेतीनशेला ठरलं, आणि त्यांनी अर्ध्या तासात कानामागची एक बट घेऊन लाल, पिवळं, निळं, हिरवं असं खालपर्यंत गुंडाळून दिलं, टोकाला दोन मणी नि एक कवडी. दिसतं गोड, ते मी नाकारत नाही. पण आता इथे पाऊस लागलाय, डोकं धुतलं की बाकीचे केस वाळतात आणि ती बट दुसऱ्या दिवशी पण ओलीच, काल वेणी घालताना वास आला, अगदी ओल्या मोज्यासारखा. १५ जूनला शाळा. आता हे सोडवायचं कसं, का सरळ कापायचं? सासूबाई म्हणतायत चाई पडेल. आणि लेक म्हणते हे काढलंस तर घरी दुसरं करून दे, ते जमण्यासारखं आहे का?

दोरेवाली
ताई कापू नका!! मी कॉलेजात असताना फेस्टला याचाच स्टॉल लावायचे, शेकड्याने बटा गुंडाळल्यात, म्हणून सांगते. यात एकच दोरा फिरत असतो, बाकीचे रंग केसांबरोबर आत आडवे पडून असतात, रंग बदलायचा की आतला बाहेर काढायचा आणि बाहेरचा आत टाकायचा. त्यामुळे मधेच कात्री घातली तर चारही दोरे तुटतात, वरनं थोडे केस पण जातात. फक्त सगळ्यात खालची गाठ कापा, मणी काढून घ्या आणि टोकाकडून उलटं उलगडत वर जा, पंधरा-वीस मिनिटं लागतील, टीव्ही लावून बसा. वर मुळाशी आलात की तिथली गाठ बारीक कात्रीने, केसांपासून लांब धरून. आत बहुतेक तीन पेडी बारीक वेणी निघेल, तिला खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवा आणि मग टोकाकडून विंचरत वर या.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. सुटल्यावर हातात केसांचा लहानसा पुंजका येईल. आपले रोजचे ५० ते १०० केस तसेही गळतात, पण या बटेतले गळलेले केस दोऱ्यात अडकून राहतात आणि सगळे एकदम दिसतात. तुमचं दोन-तीन आठवड्यांचंच आहे, म्हणजे सात-आठ केस निघतील. स्टॉलवर एक आई यावरनं माझ्याशी भांडली होती, असो.

वास का येतो तर कशिद्याचा दोरा सुती, सहा पदरी, पाणी पितो आणि धरून ठेवतो, वर तो घट्ट गुंडाळलेला, हवा जाणार कुठून? गोव्यात मे महिन्यात वाळतं, चिपळुणात जूनमध्ये कसं वाळणार. ठेवायचंच असेल तर ती बट भिजू न देणे हा एकच उपाय.

पमाकाकू
अगं आम्ही लहान होतो तेव्हा आगवळ असायची, काळ्या दोऱ्याची, खाली गोंडा. आई केस ओढून अशी बांधायची की भुवया वर जायच्या. नंतर लाल रिबिनी आल्या. दोरा केसांत हे काही नवीन नाही. पण चाईबद्दल तुझ्या सासूबाईंचं थोडं चुकतंय आणि थोडं बरोबर आहे. चाई म्हणजे केस जाऊन पडलेलं गोल चकंदळ, ती शरीराच्या आतल्या कारणाने पडते, दोऱ्याने नाही. मात्र महिनोन् महिने एकाच जागचे केस ताणले की तिथले मुळापासून विरळ होतात, हे मात्र खरं, आमच्या पिढीत घट्ट अंबाडा घालणाऱ्या कितीतरी बायकांचं कपाळ मोठं झालेलं मी पाहिलंय. एका बटेचं दोन-तीन आठवड्यांत काही होत नाही. दुखत असेल, मुळाशी पुटकुळ्या असतील तर आजच्या आज काढ.

पुसदचा
थोडं विषयांतर. ताईंनी लमाणी बाई लिहिलं म्हणून सांगतो, बरेच जण समजतात की ही आमच्या बंजारा बायकांची पारंपरिक केशरचना आहे. तसं नाही हो. माझी आजी घालायची ती घुगरी-टोपली, चांदीची, दोन्ही बाजूंच्या केसांत गुंफलेली, खाली लोकरीचे गोंडे, आणि ते लग्न झालेल्या बाईचं लेणं. तांड्यावर पोरी ते घालत नसत. बीचवरचं दोऱ्याचं काम हे पर्यटकांसाठी उचललेलं कसब आहे. गोव्यातल्या बऱ्याच जणी कर्नाटकातून आलेल्या, हात भरतकामावर बसलेला, म्हणून अर्ध्या तासात होतं. साडेतीनशे जास्त नाही दिले तुम्ही.

लागोस_रिटर्न
@पुसदचा छान माहिती. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं नायजेरियात होते, तिथे योरुबा बायका दोरा गुंडाळतात त्याला इरुन किको म्हणतात. पण ते एका बटेचं नाही, सगळ्या डोक्याचे भाग पाडून प्रत्येक भाग काळ्या दोऱ्याने मुळापासून टोकापर्यंत, आणि मग ते ताठ उभे राहिलेले दांडे वाकवून, एकमेकांना जोडून आकार करतात. एक उंच प्रकार असतो, ओनिले गोगोरो, म्हणजे उंच घर! ओजेइकेरे नावाच्या फोटोग्राफरने १९६८ पासून अशा केशरचनांचे फोटो काढत नेले, बहुतेक पाठमोरे, बघाच. तिथे दोरा नुसता शोभेचा नाही, कुरळे केस उष्णतेशिवाय सरळ करायला आणि तुटण्यापासून वाचवायला वापरतात. माझ्या शेजारणीने हौसेने माझ्या केसांवर करून पाहिलं, आपले केस गुळगुळीत, दुपारपर्यंत सगळं घसरून खांद्यावर. ती एवढी हसली ना.

दोरेवाली
@लागोस_रिटर्न हेच!! घरी करताना आपल्या केसांचा हाच प्रॉब्लेम. चिपळूणकर ताई, नवीन करायचं तर दिवाळीच्या सुट्टीत करा, आत्ता नको. पेन्सिलीएवढी पण नाही, त्याहून बारीक बट, मानेकडची घ्या; भांगाजवळची किंवा कानशिलावरची नको, तिथले केस नाजूक. पुठ्ठ्याला भोक पाडून बट त्यातनं ओढून घ्या म्हणजे बाकीचे केस मधे येत नाहीत. केस कोरडे, तेल नको, नुकतेच धुतलेले तर नकोच, कालचे थोडे मळलेले केस दोरा धरून ठेवतात. आधी तीन पेडी वेणी घाला, तिच्यामुळे दोऱ्याला पकड मिळते. मुळापासून अर्धं बोट सोडून सुरुवात, पहिले चार-पाच वेढे घट्ट, आणि दर बोटभर अंतराने एक गाठ मारायची, तीच फ्रेंडशिप बँडवाली, नाहीतर सगळं खाली सरकतं.

दोरा किती लागतो हे सगळे विचारतात. माझा अंदाज, इंचभर गुंडाळायला फूटभर. लडी आठ मीटरची येते, बारा इंची केसांना चार रंगांची एकेक लडी घेतलीत तर निम्म्याहून जास्त उरेल. राखीचं रेशीम घेऊ नका, निसटतं. लोकर जाड, वाळतच नाही. आणि लाल दोरा आधी गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, स्वस्तातला रंग सोडतो.

चिपळूणकरीण
काल रात्री काढलं. पुंजक्याची कल्पना नसती तर मी किंचाळलेच असते, लेकीने टेबलावर ओळीने मांडून मोजले, नऊ निघाले. आतली वेणी अजून दमट होती, आणि लाल भागाखालचे केस चक्क गुलाबी, दोन वेळा धुऊनही फिकट गुलाबी आहेतच. मुळाशी पुटकुळ्या वगैरे काही नाही. सासूबाईंना पमाकाकूंचं वाचून दाखवलं, त्यांनी फक्त अंबाड्याचं तेवढं ऐकलं आणि स्वतःचं कपाळ चाचपलं. पुसदच्या दादांचं वाचल्यावर घासाघीस केल्याची मला जरा लाजच वाटली. लेकीने निघालेले दोरे, मणी नि कवडी घेऊन तशीच बट सुतळीवर केलीये आणि दप्तराच्या चेनला बांधलीये, शाळेच्या नियमांत वेण्या आणि रिबिनी आहेत, चेनबद्दल काही लिहिलेलं नाही. फक्त एक सांगा, तो गुलाबी रंग १५ तारखेपर्यंत जाईल का?