अर्ज छाननीत उडाला तर कोर्टाने लगेच ऐकायला नको का?

शहापूरकर: माझ्या मावसबहिणीचा अर्ज बाद झाला तेव्हापासून डोक्यात आहे म्हणून लिहितोय. महिला राखीव वॉर्ड, पक्षाचा बी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचं पत्र) वेळेत पोचलेला, सूचक बरोबर, फक्त शपथपत्रातला एक रकाना कोरा राहिला आणि पाच मिनिटात अर्ज बाद. वकील म्हणाले आता काही होत नाही, निकालानंतर या. निकालानंतर काय उपयोग? वर्षानुवर्षं तारखा, फी कुठून आणायची, तोवर समोरचा नगरसेवक म्हणून फिरतोय.

कोर्टगल्ली: दादा, राग समजतो पण कायदा तसाच आहे. महापालिकेला घटनेचं कलम 243 झेडजी, पंचायतीला 243 ओ, इलेक्शन पिटिशनशिवाय (निकालानंतरची निवडणूक याचिका) आव्हान नाही. 1952 च्या पोन्नुस्वामी केसमध्ये पण अर्जच बाद झालेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं प्रक्रिया सुरू झाली की मध्ये हात घालायचा नाही. आणि अर्ज चुकीचा बाद केला हे सिद्ध झालं की निवडणूक रद्द होऊ शकते, म्हणजे दाद आहे, उशिरा आहे.

अनगोळची वहिनी: मी कोर्टगल्लीच्या वकीलभावजींच्या बाजूने. आपली बेळगाव महापालिका 2019 ला मुदत संपून 2021 च्या सप्टेंबरपर्यंत नगरसेवकाविना होती, वॉर्ड रचना आणि आरक्षणाच्या केसेस चालल्या होत्या ना, गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला? आता 58 वॉर्डातल्या प्रत्येक बाद अर्जावर स्टे आला तर परत तेच.

निपाणीकर: वहिनी, स्टे कोण मागतंय, दोन दिवसात ऐकून निकाल द्या एवढंच. आणि 2013 च्या रिसर्जन्स इंडिया केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की शपथपत्रात रकाना कोरा दिसला तर अधिकाऱ्याने आधी भरायला सांगायचं, तरी नाही भरला तरच बाद. शहापूरकर, ताईंना सांगितलं होतं का?

शहापूरकर: सांगितलं होतं म्हणे. कन्नडमधल्या कागदावर, त्यावर तिची सही पण आहे. ती मराठी शाळेत शिकलेली, तिला वाटलं अर्ज मिळाल्याची पोच आहे, घरी येऊन देवापुढे ठेवला तो कागद. संध्याकाळी शेजारच्या अण्णांनी वाचून दाखवला तेव्हा कळलं.

कोर्टगल्ली: तो कागद आहे का अजून? पिटिशनमध्ये तोच पहिला लावा.